विजेच्या गिटारची गुणगुण : तिचा उगम आणि शोध

तंबोऱ्याचा अखंड सूर गायक मुद्दाम लावून घेतो आणि त्याच्या आधाराने गातो. विजेची गिटार वाजविणाऱ्याच्या मागेही पुष्कळदा असाच एक अखंड सूर उभा असतो. मात्र तो कोणी लावलेला नसतो, वाद्याच्या सुराशी तो जुळत नाही आणि वादक थांबला तरी तो थांबत नाही. इंग्रजीत त्याला ‘हम’ म्हणतात. मराठीत त्याला गुंजारव म्हणावे, तर तो शब्द कमळे आणि भुंगे यांच्या सहवासात इतका रमलेला आहे की या उपद्रवाला तो शोभत नाही. म्हणून आपण त्याला साधी गुणगुण म्हणू. आणि तीत जेव्हा तीक्ष्ण, दातेरी आवाज मिसळतो तेव्हा त्यास खरखर म्हणू. हा भेद केवळ शब्दांचा नाही. पुढे शोध घेताना तो उपयोगी पडणार आहे.

विजेच्या गिटारचा आवाज तिच्या लाकडातून येत नाही. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका वेटोळ्यात असे सुमारे आठ हजार वेढे होते. तार छेडली की तिच्या कंपनाने चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे वेटोळ्यात अल्पसा विद्युत्दाब उत्पन्न होतो. प्रवर्धक, म्हणजे व्यवहारातील अँप्लिफायर, तो अनेक पटींनी वाढवून लाउडस्पीकरला देतो. परंतु वेटोळ्याला गिटारची तार ओळखू येत नाही. भोवतालचे चुंबकीय क्षेत्र कोणत्याही कारणाने बदलले, तरी ते तितक्याच इमानाने दाब उत्पन्न करते. आणि आपल्या भोवतीचे क्षेत्र तर अहोरात्र बदलत असते, कारण भारतातील घरगुती वीज दर सेकंदास ५० आवर्तने करते. भिंतीतील तारा, पंखे, रोहित्रे या सर्वांच्या सभोवार तोच ठेका चाललेला असतो.

तेव्हा पहिली परीक्षा कानाची. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी बोट ठेवून ती छेडली, तर दर सेकंदास ९८ कंपनांचा सूर निघतो. नकोशी गुणगुण त्याहून किंचित चढी वाटली तर ती १०० कंपनांची समजावी. त्याच्या खालच्या सप्तकात, मंद्रात ऐकू आली तर ५० कंपनांची. (अमेरिकेत वीज दर सेकंदास ६० आवर्तने करते, म्हणून तेथील वादकाला ही खूण उपयोगाची नाही.) लाउडस्पीकर अगदी लहान असेल तर ५० कंपनांचा सूर त्यातून नीट उमटत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

या दोन सुरांत फरक का पडतो? घरगुती वीज एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने वाहते. प्रवर्धकाच्या अंतर्भागाला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. त्यासाठी बसविलेला एकदिशकारक लहरीचे दोन्ही अर्धे भाग एकाच बाजूस वळवितो आणि त्यामुळे सेकंदाला १०० उंचवटे असलेला प्रवाह मिळतो. हे उंचवटे सपाट करण्याचे काम मोठाल्या कंडेन्सरांचे. वर्षे लोटली की त्यांच्यातील द्राव सुकतो, त्यांची धारणशक्ती घटते आणि उंचवटे आवाजात उतरू लागतात. म्हणून जुन्या प्रवर्धकातून १०० कंपनांची मृदू गुणगुण येऊ लागली, तर संशय प्रथम कंडेन्सरांवर घ्यावा. याउलट ५० कंपनांची गुणगुण बहुधा बाहेरून शिरलेली असते, किंवा व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारेतून आलेली असते. ट्यूबलाइट आणि दिव्याचा प्रकाश मंद करणारे डिमर यांची जात निराळी. त्यांच्यापासून खरखर उत्पन्न होते. प्रवर्धकातील रोहित्र स्वतःही घुमते. पेटीला कान लावला तर हा आवाज लाउडस्पीकरमधून येत नसून लोखंडातूनच येत आहे, हे कळते. त्यात बहुधा काळजीचे काही नसते.

कानाने दिलेली साक्ष मग हाताने पडताळावी, आणि ती लाउडस्पीकरकडून गिटारकडे, म्हणजे उलट्या क्रमाने. गिटारची दोरी प्रवर्धकातून काढून घ्या. गुणगुण तशीच राहिली तर दोष प्रवर्धकात आहे. आता प्रवर्धकाची आवाजाची खुंटी शून्यावर आणा. तरीही गुणगुण कमी झाली नाही, तर ती त्या खुंटीच्या पुढच्या भागात, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा अखेरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. इतके निदान झाले की विद्यार्थ्याने तेथे थांबावे व पेटी जाणत्या कारागिराकडे न्यावी. व्हॉल्व्हच्या प्रवर्धकात तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कंडेन्सर तो काही काळ साठवून ठेवतात.

दोरी काढताच गुणगुण गेली, तर ती पुन्हा लावून गिटारची खुंटी शून्यावर आणावी. आता आवाज आला तर दोरी सदोष आहे. तिच्या आतील तारेभोवती विणलेली संरक्षक जाळी तुटली की ती सारी दोरी बाहेरची वीज ओढून घेते. दुसरी दोरी लावून पाहणे हाच त्यावरचा सोपा निवाडा. खुंटी उघडली तरच गुणगुण येत असेल, तर अपराधी गिटारमध्ये आहे. गिटार हातात घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरावे. एका दिशेला आवाज वाढतो, दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीसा होतो. कारण वेटोळ्याचे तोंड क्षेत्राच्या दिशेला आडवे झाले की त्यातून क्षेत्र जात नाही. होकायंत्राप्रमाणे ही गिटार खोलीतील दोषी वस्तू दाखवून देते, आणि शाळेत चुंबकीय प्रवर्तन शिकविताना याहून रंजक प्रयोग सापडणे कठीण.

या दोषावरचा मूळ उपाय अमेरिकेत कलमाझू येथील गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने शोधला. १९५५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ साली त्याला ते मिळाले. त्याने एका वेटोळ्याऐवजी शेजारी शेजारी दोन बसविली, त्यांचे वेढे परस्परविरुद्ध दिशेने जोडले आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलटे ठेवले. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीला चुंबकाशी कर्तव्य नसते. ती दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते आणि वेढे उलटे असल्यामुळे एकमेकींना खोडून टाकते. तारेचे कंपन मात्र चुंबकामुळे एकदा उलटते व वेढ्यांमुळे पुन्हा उलटते, म्हणून दोघांची बेरीज होते. मला तरी विजेच्या वाद्यांच्या इतिहासात याहून चतुर युक्ती आढळलेली नाही. तिची किंमत एवढीच की आवाजातील तार स्वरांची धार थोडी बोथट होते, आणि म्हणून एकेरी वेटोळ्याचे चाहते आजही गुणगुण सोसतात.

अजून सर्वांत फसवा प्रकार उरला. गिटार एकाच वेळी दोन प्रवर्धकांना जोडली आणि ते दोन वेगवेगळ्या सॉकेटांतून चालविले, तर प्रत्येकाचा भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, भिंतीतून एकत्र येतो आणि ध्वनीच्या दोरीच्या जाळीतूनही एकत्र येतो. अशा रीतीने तारेचा एक प्रचंड फेरा तयार होतो. हा फेरा म्हणजे एका वेढ्याचे वेटोळेच. त्यात ५० आवर्तनांचा प्रवाह खेळू लागतो. प्लगची तिसरी, जाड व लांब पिन काढून टाकली की गुणगुण तत्क्षणी थांबते, आणि हाच धोका आहे.

ती पिन लांब असते ती उगीच नव्हे: प्लग बसविताना सर्वांच्या आधी भूसंपर्क जुळावा म्हणून. गिटारच्या तारा दोरीच्या जाळीवाटे प्रवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग शाबूत असले, तर फ्यूज वितळतो. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्ट थेट वादकाच्या बोटांखाली येतात. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच मंचावर मरण पावला. १९७६ साली यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ सदोष अर्थिंगची गिटार वाजवीत असताना स्वतःच्या घरी गेला. जुन्या इमारतींत सॉकेटाला तीन भोके असतात, पण तिसऱ्यामागे तार असतेच असे नाही. सभागृहात कार्यक्रम ठेवण्यापूर्वी वीजतंत्रीकडून ते तपासून घ्यावे, आणि गळती होताच पुरवठा तोडणारी, ३० मिलिअँपिअरला चालणारी कळ बसवून घ्यावी.

फेरा तोडायचा तो ध्वनीच्या मार्गात, विजेच्या मार्गात नव्हे. दोन्ही प्रवर्धक एकाच सॉकेटपट्टीवरून चालविले तर फेरा आकसतो आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. न भागल्यास एका प्रवर्धकाकडे जाणाऱ्या दोरीत लहानसे ध्वनिरोहित्र घालावे. त्याच्या दोन वेटोळ्यांत धातूचा संबंध नसतो, म्हणून संगीत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते आणि फेऱ्यातील प्रवाहाची वाट तेथे तुटते. दोन्ही प्लगांच्या तिन्ही पिना मात्र जागच्या जागी राहतात.