चियोदा: विम्याच्या पैशांतून उभी राहिलेली क्रूझर

मंडळी, जपानी आरमाराचा विषय निघाला की आपण थेट 1905 च्या त्सुशिमावर जातो. आज आपण पंधरा वर्षं मागे जाऊ आणि एकच जहाज नीट पाहू. चियोदा, म्हणजे जपानची पहिली चिलखती क्रूझर.

तिची गोष्ट सुरू होते दुसऱ्याच जहाजापासून. जपानने फ्रान्समध्ये उनेबी नावाची क्रूझर बांधून घेतली होती. डिसेंबर 1886 मध्ये ती सिंगापूरहून जपानकडे निघाली आणि पोहोचलीच नाही. माणसांसकट नाहीशी झाली. लहान जहाजावर जड तोफा लादल्यामुळे ते कलंडलं असावं, असा अंदाज केला जातो. उनेबीचा विमा होता. त्या पैशांतून स्कॉटलंडमध्ये, क्लाइडबँकच्या गोदीत, चियोदा बांधली गेली. 1890 मध्ये ती पाण्यात उतरली.

आता प्रश्न असा, की जेमतेम 2,400 टनांच्या जहाजात बसवायचं काय? जहाजावर वजनाचा हिशेब फार कडक असतो. तोफ वाढवली तर कवच कमी करावं लागतं, कवच वाढवलं तर वेग घटतो. मूळ विचार 32 सेंटिमीटरच्या प्रचंड तोफांचा होता. तो सोडून दिला गेला. त्याऐवजी 12 सेंटिमीटरच्या दहा शीघ्रगती तोफा आल्या: पुढे एक, मागे एक आणि दोन्ही बाजूंना चार-चार. वाचलेल्या वजनातून पाण्याच्या रेषेवर सुमारे 11 सेंटिमीटर जाडीचा पोलादी पट्टा बसला. या पट्ट्यामुळेच ती 'चिलखती' ठरली. तेव्हाच्या इतर क्रूझरना बहुधा फक्त आतला चिलखती डेक असे, बाजू उघड्याच.

हा निर्णय बरोबर होता का? उत्तर 17 सप्टेंबर 1894 ला, यालूच्या लढाईत मिळालं. मात्सुशिमा आणि तिच्या दोन भगिनी-नौकांवर तीच 32 सेंटिमीटरची एकेक तोफ होती. कित्येक तासांच्या लढाईत या तोफांनी बोटांवर मोजण्याइतकेच गोळे सोडले. लहान तोफांनी मात्र चिनी जहाजांवर अक्षरशः पाऊस पाडला. पण दुसरी बाजूही पाहू. चीनच्या दोन मोठ्या चिलखती नौका त्या दिवशी बुडाल्या नाहीत. त्यांचं जाड कवच भेदणं लहान तोफांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

पुढे फेब्रुवारी 1904. कोरियाच्या चेमुल्पो बंदरात चियोदा रशियन वार्यागच्या शेजारी नांगर टाकून उभी होती. युद्ध तोंडावर आलेलं. 7 तारखेच्या रात्री चियोदा गुपचूप निसटली, आपल्या ताफ्याला मिळाली, आणि 9 तारखेला त्याच वार्यागसमोर उभी ठाकली. त्याच वर्षी जुलैमध्ये पोर्ट आर्थरजवळ ती सुरुंगावर आदळली. माणसं गेली, पण जहाज तरलं. दुरुस्त होऊन त्सुशिमालाही गेली.

शेवटी ती पाणबुड्यांची मदतनौका झाली आणि 1927 मध्ये नेमबाजीच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली.

एवढ्या लहान जहाजाने छत्तीस वर्षं सेवा कशी दिली? आम्हाला वाटतं, उनेबीची किंमत माणसांनी मोजली होती, आणि चियोदाच्या आराखड्यात न पेलणारं ओझं वेळीच खाली ठेवलं गेलं.