मतदानावांचून ठराव

एखाद्या धर्मसमाजाचीं मूल्यें कोणतीं, असें कोणीं विचारलें तर बहुधा त्याच्या श्रद्धासूत्राकडे बोट दाखविलें जातें. परंतु ज्या समाजानें असें सूत्रच केलें नाहीं, पगारी धर्मोपदेशक ठेविला नाहीं आणि मतदानहि वर्ज्य मानलें, त्याला आपणां सर्वांस काय मान्य आहे हें कळावें कसें? इंग्लंडांत १६५० च्या सुमारास जॉर्ज फॉक्स ह्यांच्या उपदेशांतून निघालेला मित्रसमाज, म्हणजेच लोक ज्यांस क्वेकर म्हणतात त्यांचा समाज, आरंभापासून अशा स्थितींत होता.

प्रत्येक माणसाच्या अंतरांत ईश्वरी प्रकाश आहे, ही त्यांची मुख्य धारणा. उपासनेला सर्वांनीं निःशब्द बसावें, आणि ज्याला आंतून प्रेरणा होईल त्यानें उठून चार शब्द बोलावे. कामकाजाच्या सभेचीहि रीत तीच. विषय निघतो, कांहीं जण बोलतात, मध्यें शांतता पसरते. चिटणीस सभेचा कल ओळखून तेथल्या तेथें मसुदा लिहितो व वाचून दाखवितो. सभेनें मानला तर तो ठराव होतो. कोणी हात वर करीत नाहीं, डोकीं मोजलीं जात नाहींत. कोणाची मनापासून हरकत असली तर विषय पुढील सभेवर जातो. ह्याखेरीज वरिष्ठ सभा स्थानिक सभांना ठराविक प्रश्न पाठवी, आणि त्यांचीं उत्तरें विचारपूर्वक लेखी द्यावीं लागत. आपलें आचरण कसें चाललें आहे, हें त्यामुळें ज्याचें त्याला पाहावें लागे.

ऐकावयास हें फार गोड आहे. पण प्रश्न घरच्या मिळकतीचा निघाला म्हणजे ही शांतता कितपत टिकते? ह्याचें उत्तर अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या इतिहासांत सांपडतें.

१६८८ सालीं जवळच्या जर्मनटाऊन गांवच्या चौघांनीं गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिलें. समुद्रावर परकें जहाज दिसलें, कीं तुर्क आपणांस धरून गुलाम म्हणून विकतील ह्या भयानें तुमची छाती धडधडते; मग येथें तुम्ही दुसरें काय करतां, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मासिक सभेनें प्रश्न फार वजनाचा म्हणून त्रैमासिक सभेकडे धाडला, तिनें वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेनें तो बाजूस ठेविला. तो कागद इतका विस्मृत झाला कीं १८४४ सालीं तो पुन्हा शोधावा लागला. पुढें तो परत हरवला व २००५ मध्यें एका सभागृहाच्या तिजोरीच्या खोलींत मिळाला.

दिरंगाईचें कारण गूढ नव्हतें. सभेंतील कित्येक वडीलधारे स्वतःच गुलामांचे धनी होते. १७३८ सालीं बेंजामिन ले नांवाच्या ठेंगण्या, विक्षिप्त गृहस्थानें वार्षिक सभेंत तरवार उपसून एका पोकळ पुस्तकांत खुपसली. आंत दडविलेला रानफळांचा तांबडा रस आसपासच्या लोकांच्या अंगावर उडाला. सभेनें त्यालाच बाहेर काढलें. त्याचा त्रागा सर्वस्वीं रास्त होता, पण त्या सभेचें मन त्यानें तत्काळ वळलें नाहीं.

तें काम जॉन वूलमन ह्या शिंप्यानें निराळ्या रीतीनें केलें. विशी नुकतीच ओलांडलेला तो न्यू जर्सींत एका दुकानांत कारकून असतां मालकानें आपली आफ्रिकी दासी विकली व त्याला खरेदीखत लिहावयास सांगितलें. घेणारा वृद्ध क्वेकरच होता. वूलमननें खत लिहिलें, परंतु दोघांसमक्ष सांगितलें कीं ही चाल ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे. पुढें असे कागद लिहिण्याचें त्यानें नाकारलें. एका दुखणाईत शेजाऱ्याचें मृत्युपत्र लिहितांना, एक गुलाम मुलगी अमक्या अपत्यास द्यावी हें कलम तेवढें त्यानें गाळलें, आणि कारणहि सांगितलें. पुढें बोलणें झालें, तेव्हां शेजारी त्या मुलीला मुक्त करण्यास राजी झाला. प्रवासांत गुलाम बाळगणाऱ्या घरीं तो उतरे, तेव्हां निघतांना त्या नोकरांच्या सेवेबद्दल पैसे ठेवी. यजमानाला हें किती अवघड वाटत असेल! पण ह्यांत शिवी नव्हती, आणि टाळतांहि येत नव्हतें.

१७५८ च्या वार्षिक सभेंत हा विषय निघाला तेव्हां वूलमन बराच वेळ गप्प बसला होता. ईश्वर यथाकाल मार्ग दाखवील, असें कांहीं जण म्हणत होते. आतां विलंबाची वेळ नव्हे, असें त्यानें उठून सांगितलें. त्याच्या रोजनिशीवरून एक गोष्ट दिसते: गुलामगिरी योग्य आहे, असें उघडपणें म्हणावयास त्या सभेंत एकहि माणूस उभा राहिला नाहीं. जी गोष्ट घरोघर चालली होती, तिचें समर्थन एकमेकांच्या तोंडावर कोणालाच करवेना. समाईक श्रद्धा म्हणतात ती तेथें प्रथम उघड झाली. गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांस कामकाजांतून वगळावें आणि धन्यांच्या घरीं जाऊन त्यांची समजूत घालावी, असें ठरलें. वूलमन व इतर कांहीं जण घरोघर हिंडले. १७७६ सालीं, गुलाम मुक्त न करणाऱ्यास समाजांत जागा नाहीं, असा नियम झाला.

१६८८ पासून १७७६ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षें लागलीं. धन्याला हलविणारा ठराव बहुमतानें लवकर झाला असता, पण तो पाळला गेला असता कीं समाज दुभंगला असता, हें सांगतां येत नाहीं. हा उशीर मात्र धन्यांच्या माथीं पडला नाहीं. ज्यांच्या पाठीवर तो पडला, त्यांना त्या शांत सभेंत बसावयास जागाच नव्हती, मग आंतल्या प्रेरणेनें उठून बोलणें दूरच राहिलें.

गुलाम मुक्त झाल्यावरहि हें लागलीच पालटलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट सभागृहांत कृष्णवर्णीयांसाठीं निराळें बाक असे. सारा मॅप्स डग्लस ह्या शिक्षिका आपल्या आईबरोबर त्या बाकावर बसत. त्या वेगळेपणाविषयीं त्यांनीं आपल्या पत्रांतून लिहून ठेविलें आहे.