तंबोरा विमानाने नेताना

लोट्याचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रासायनिक कारखान्यांची धुराडीच उभी राहतात. चिपळूणहून परशुराम घाट चढून वर आले की हे गाव लागते. येथल्या माणसांना कारखान्याच्या पाळीखेरीज दुसरे काही सुचत असेल, असे वाटेने जाणाऱ्याला वाटत नाही. पण याच लोट्यातून तीन वर्षांपूर्वी एक तंबोरा कॅनडाला गेला. गेला तो धड, पोचला तो दोन तुकड्यांत. तो तंबोरा माझ्या भाचीचा होता. तिच्या गुरुजींनी स्वतःचा, वीस वर्षे वापरलेला तंबोरा तिच्या हाती दिला होता. पैशात त्याची किंमत करता येईल. पण गुरूच्या हाताची सवय झालेल्या वाद्याचे मोल कोणत्या पावतीवर लिहिणार?

त्या मोडक्या तंबोऱ्याने मला जे शिकवले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे तंबोरे घेऊन विमानाने फिरतो? खरे आहे. पण खेड-चिपळूण-दापोलीकडची कितीतरी माणसे आखातात आहेत, मुले शिकायला परदेशी जातात. त्यांच्याबरोबर कधी हार्मोनियम जाते, कधी पखवाज जातो, कधी आंब्याची पेटी जाते. नाजूक वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवून दूर पाठवण्याचे शास्त्र सगळीकडे एकच आहे.

आधी तंबोरा कसा घडतो ते पाहू. आपल्याकडचा चांगला तंबोरा म्हणजे मिरजेचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, मिरजेतल्या शिकलगार कारागिरांनी हा धंदा उभा केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले आणि त्या कसबी हातांनी सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्या परंपरेच्या आरंभी घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेचा तंबोरा हे नाव आता कायद्यानेही राखले गेले.

या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला, भीमेकाठच्या शेतांत पिकतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे. कडू जातीचा, मोठा, वेलीवरच पक्व होऊ दिलेला. तो वाळवतात, कापतात आणि त्यावर लाकडाची तबली बसवतात. वरची लांब पोकळ दांडी तुणाच्या लाकडाची. भोपळा आणि दांडी जिथे जोडतात त्या जागेला गळा म्हणतात. नाव किती नेमके आहे पाहा! माणसाचा जीव जसा गळ्यात, तसा तंबोऱ्याचाही गळ्यातच.

भाचीचा तंबोरा नेमका तिथेच सुटला होता. भोपळ्याला एक तडा आणि गळ्याशी दांडी अलग. तो परत आला तेव्हा मी तो घेऊन मिरजेला गेलो. कुंभार्ली घाटातून कराड, तिथून मिरज. दुकानातल्या वृद्ध कारागिरांनी तंबोरा पाहिला, मग पेटी पाहिली, आणि म्हणाले, “सर, हा पडून मोडलेला नाही. हा पेटीत मोकळा होता म्हणून मोडला.”

त्या वाक्याने मी चमकलो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती! भाचीने पेटी मजबूत आणली होती, चांगली फायबरची. पण आत तंबोऱ्याभोवती चार-चार बोटे जागा मोकळी. पेटी वरून आदळली की ती तिथल्या तिथे थांबते. आतला तंबोरा मात्र थांबत नाही. तो पुढे जाऊन पेटीच्या भिंतीवर आपटतो. पहिल्याने भोपळा अडतो, कारण तो फुगीर. दांडी आणि तिच्या टोकाच्या खुंट्या मात्र अजून वेगातच असतात. त्या सगळ्याचा ओढा येतो गळ्यावर. धावती एस.टी. करकचून थांबली की उभ्या माणसाची मान कशी हिसकते, तसेच.

आता थोडे गणित करू. शिक्षकांनी हे वर्गात जरूर करून दाखवावे. समजा, पेटी एक मीटर उंचीवरून पडली. आतली वस्तू थांबायला जर एकच सेंटिमीटर जागा मिळाली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या सुमारे शंभरपट जोर येतो. तीच वस्तू पाच सेंटिमीटर मऊ गादीत रुतत रुतत थांबली, तर जोर सुमारे वीसपट. तंबोरा तीन किलोचा धरला तर पहिल्या वेळी तीनशे किलोंचा भार, दुसऱ्या वेळी साठ किलोंचा. तीच पेटी, तेच पडणे. फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा. प्रयोग करायचा तर दोन अंडी घ्या. एक रिकाम्या डब्यात ठेवा, दुसरे काथ्यात घट्ट बसवून, आणि दोन्ही डबे बाकावरून खाली सोडा. मुले जन्मभर विसरणार नाहीत.

मात्र ‘मऊ’ आणि ‘मोकळे’ यांत घोटाळा करू नये. आपले बागायतदार हे केव्हापासून जाणतात. हापूसच्या पेटीत पेंढा घालतात तो फळ लोळावे म्हणून नव्हे, लोळू नये म्हणून. भरलेली पेटी हलवून पाहतात. आतून खडखड आली की पुन्हा उघडतात. तंबोऱ्याच्या पेटीची परीक्षा हीच. बंद करून हलवा. आवाज आला तर ती पेटी अजून बांधून झालेली नाही असे समजा.

दुसरी गोष्ट तारांची. तंबोरा सुरात लावलेला असतो तेव्हा चारही तारा दांडीला सतत भोपळ्याकडे ओढत असतात. गळा आधीच ताणात असतो. त्यात धक्क्याचा ताण मिसळला की जोड सुटतो. म्हणून प्रवासापूर्वी तारा दोन-तीन सूर खाली उतरवाव्यात. अगदी ढिल्या करू नयेत, कारण पुष्कळ तंबोऱ्यांची घोडी केवळ तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. ती सरकली की जवारी बिघडते. घोडीच्या पायांशी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. मणी आणि जवारीचे दोरे वेगळ्या पाकिटात घालून जवळ बाळगावेत.

तिसरी गोष्ट मला एका निराळ्याच क्षेत्रात सापडली. गोल्फ नावाचा खेळ तुम्ही ऐकला असेल. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने हा तो खेळ खेळला. या खेळाडूला चौदापर्यंत काठ्या बरोबर नेता येतात, आणि गावोगावच्या स्पर्धांसाठी त्या विमानाने न्याव्याच लागतात. कारण काठ्या हातात घेऊन विमानात बसू देत नाहीत. गोल्फची काठी म्हणजे बारीक लांब दांडा आणि एका टोकाला जड डोके. म्हणजे आमच्या तंबोऱ्याची लहान बहीणच! पिशवी डोक्याकडून आपटली की काठी मानेशी मोडते. यावर ते लोक एक युक्ती करतात. सर्वांत लांब काठीहून थोडी उंच अशी एक भक्कम दांडी पिशवीत उभी ठेवतात. पिशवी उलटी पडली तर पहिला टोला त्या दांडीला बसतो, काठ्यांना नाही. डोक्यांच्या मध्ये टॉवेल कोंबतात, म्हणजे ती एकमेकांवर आपटत नाहीत.

यातले तत्त्व असे, की टोला बसणार हे गृहीत धरावे आणि तो कोणी सोसायचा ते आपण आधी ठरवावे. नाजूक वस्तूने तो सोसू नये, पेटीने सोसावा. तंबोऱ्याच्या पेटीत भोपळ्याला दोन्ही अंगांनी गादीचा कोनाडा हवा. दांडीला टोकापर्यंत तीन-चार ठिकाणी खालून आधार हवा. तबलीवर आणि घोडीवर कशाचाही दाब नको. खुंट्यांच्या पुढे पेटीच्या भिंतीपर्यंत चांगले चार बोटे जाड पॅडिंग हवे, म्हणजे पेटी उभी आपटली तरी टोला खुंट्यांवर येत नाही.

आता विमानासंबंधी. पुष्कळांची समजूत अशी, की विमानाच्या पोटात, जिथे सामान ठेवतात तिथे, हवा नसते. तसे नाही. प्रवासी विमानात सामानाच्या खणातही आपण बसतो तिथल्याइतकाच हवेचा दाब असतो. तिथे थंडी मात्र अधिक असू शकते, आणि उंचावरची हवा फार कोरडी. कोकणच्या दमट हवेत राहिलेले लाकूड आणि भोपळा कोरड्या मुलखात गेले की आक्रसतात. कॅनडाच्या हिवाळ्यात घरे तापवलेली असतात, तिथे तर फारच. म्हणून पोचल्यावर पेटी लगेच उघडू नये. एक दिवस तशीच खोलीत ठेवावी. मग उघडावी, आणि तारा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवाव्यात.

तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीला पेटीची लांबी, रुंदी, उंची आणि वजन कळवावे. साधारणपणे या तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटिमीटरांच्या आत असलेले सामान नेहमीचे धरतात. तंबोऱ्याची पेटी त्यात बसत नाही. तिला मोठ्या मापाचे सामान म्हणून वेगळे पैसे पडतात. उचलणाऱ्या हमालांच्या जिवाचा विचार करून एका नगाला ३२ किलोंची मर्यादा असते. काही कंपन्या वाद्यासाठी वेगळी खुर्ची विकत घेऊ देतात. ते परवडत असेल तर त्याहून उत्तम काही नाही. जुन्या वाद्यावर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असेल तर ते परदेशी नेऊच नये. वन्य प्राण्यांसंबंधीचे कायदे कडक आहेत आणि वाद्य जप्त होऊ शकते.

सुरक्षा तपासणीच्या वेळी तुमच्या पाठीमागे पेटी उघडली जाऊ शकते. उघडणारा माणूस वाईट नसतो, पण त्याने तंबोरा जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला, वाद्य कसे ठेवले आहे त्याचे एक छायाचित्र आणि दोन ओळींची इंग्रजी सूचना चिकटवावी. ‘नाजूक’ अशी चिठ्ठी बाहेर लावावी जरूर. पण चिठ्ठी म्हणजे गादी नव्हे, हे विसरू नये.

एवढे करूनही मोडतोड झालीच तर? इथेच माझ्या भाचीची दुसरी चूक झाली. पट्ट्यावरून पेटी उचलली, आत खुळखुळ ऐकू आली, आणि पोर रडत घरी गेली. तक्रार लिहिली ती दहा दिवसांनी. उत्तर आले, मुदत संपली. १९९९ सालचा माँट्रियलचा आंतरराष्ट्रीय करार भारताला २००९ पासून लागू आहे. त्याप्रमाणे सामान मोडले तर, मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. सामान उशिरा मिळाले तर एकवीस दिवसांच्या आत. उत्तम मार्ग असा, की विमानतळ सोडण्यापूर्वीच पेटी उघडून पाहावी, तिथल्या कचेरीत नोंद करावी, आणि नोंदीची प्रत घ्यावी. निघण्यापूर्वी वाद्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. सामानाचा चिकट कागद आणि दुकानाची पावती जपून ठेवावी.

या करारात भरपाईला मर्यादा आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून ती दर प्रवाशामागे १,५१९ एस.डी.आर. इतकी आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. रुपयांत ही रक्कम भावाप्रमाणे बदलते, पण दीड लाखाच्या वर जाते. वस्तू त्याहून मोलाची असेल तर सामान देतानाच तिचे मोल लिहून देऊन, मागतील तो जादा आकार भरण्याची सोय करारात आहे. मात्र वस्तूच्या अंगच्या दोषामुळे नुकसान झाले असेल तर कंपनी तेवढ्यापुरती जबाबदार नसते. वाईट बांधलेली पेटी असली की वाद इथेच सुरू होतो. म्हणजे फिरून आपण त्याच जागी आलो: पेटी नीट बांधणे.

मिरजेच्या कारागिरांनी तो गळा पुन्हा जोडला. भोपळ्याचा तडा आतून सांधला. आवाज आला, चांगला आला. पण गुरुजींनी तार छेडली, डोळे मिटून ऐकले, आणि नुसतेच म्हणाले, “गातोय.” त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

गेल्या वर्षी तो पुन्हा कॅनडाला निघाला. या वेळी पेटीच्या आतले काम लोट्यातल्याच एका सुताराने केले. त्याने तंबोरा कधी हाताळला नव्हता, पण गणपतीच्या मूर्ती खाचखळग्यांतून घरोघर पोचवल्या होत्या. त्याला मी गणित सांगू लागलो तर म्हणाला, “कळलं सर, हलायला द्यायचं नाही आणि दाबायचं पण नाही.” माझ्या सगळ्या व्याख्यानाचा अर्थ त्याने एका वाक्यात सांगितला. दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता मुंबईपर्यंत, मग दोन विमाने. आणि तिसऱ्या दिवशी फोनवर भाचीने आम्हांला बोलून काही सांगितले नाही. तिने फोन तंबोऱ्याजवळ धरला.

तेव्हा श्रोतेहो, घरातले जे काही दूर पाठवाल, ते पाठवण्यापूर्वी एकदा पेटी हलवून कान लावा. आत आवाज नसेल, तरच पुढे जाऊन सूर निघेल.