माडांची बाग, भट्टी आणि वारसांचे हिस्से

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वडिलोपार्जित मिळकत म्हणजे नुसती जमीन नव्हे. घर, विहीर, माडांची बाग, काजूची झाडें आणि पूर्वीं कित्येक कुटुंबांत माडीची भट्टीहि तींत येत असे. जमीन गुंठ्यांनीं मोजतां येते, माड मोजून वांटतां येतात. परंतु भट्टी व तिचा परवाना यांचे तुकडे कसे पाडावयाचे? भाऊबंदकीचा आरंभ बहुधा येथेंच होतो.

परवाना ही जमिनीसारखी वारसाहक्कानें येणारी मिळकत नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याप्रमाणें दारू गाळण्यास व माड छेदण्यास सरकारी परवाना लागे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें हें बंधन अधिकच कडक केलें. शेजारच्या गोव्यांत फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी परवाना तेथेंहि सुटला नाहीं. परवानाधारक वारल्यावर खात्याच्या मंजुरीवांचून भट्टी पेटविणें हा गुन्हा होय. यास्तव भांडीं, इमारत व येणें-देणें यांचीच किंमत करावी, धंदा एकानें चालवावा व इतरांचा हिस्सा पैशानें भागवावा.

आतां हिश्श्यांचा हिशेब. सांगलीच्या मगदूम कुटुंबांत कर्ता पुरुष १९६० सालीं वारला. मागें पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. पत्नीनें १९६२ सालीं दावा लावला. खालच्या न्यायालयानें तिला १/२४ हिस्सा दिला. सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल १९७८ रोजीं तो ७/२४ ठरविला. मृत्यूपूर्वीं वांटणी झाली असें मानून पतीबरोबर पत्नीस व मुलांस प्रत्येकीं १/४, आणि पतीच्या चौथाईंतून सहा वारसांस प्रत्येकीं १/२४, अशी ही बेरीज. मुलींच्या पदरीं मात्र १/२४ च आला.

२००५ च्या दुरुस्तीनें मुलगीहि जन्मतःच सहदायाद झाली, व बाप त्या वेळीं हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानें स्पष्ट झालें. आज त्याच कुटुंबाचा हिशेब असा होईल: आधीं सातजणांस प्रत्येकीं १/७, मग बापाच्या सातव्या हिश्श्यांतून सहा वारसांस १/४२, म्हणजे मृत्युपत्र नसल्यास प्रत्येकास सारखा १/६. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं कायदेशीर रीतीनें झालेली वांटणी मोडत नाहीं.

महसुलाच्या कामांत तीन गोष्टी पाळाव्या. वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांचे आंत द्यावी. सात-बाराच्या उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचें नांव लागलें, म्हणून तो एकटा मालक होत नाहीं, हें विसरूं नये. सर्व सहहिस्सेदार राजी असतील तर १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खालीं तहसीलदाराकडे वांटणीचा अर्ज करावा. मुंबईस असलेल्या भावाची व सासरीं गेलेल्या बहिणीची संमति आधींच मिळवावी.

मगदूम कुटुंबाचा निकाल लागावयास पंधरा वर्षांवर काळ गेला. तेवढ्या अवधींत वादांतल्या बागेस खत कोण घालणार, नवीं रोपें कोण लावणार? माड लावणारानें आपल्या हयातींतच हिस्से ठरवून लेख नोंदवावा, म्हणजे फळ वकिलाच्या घरीं न जातां लेकरांच्या मुखीं पडेल.