चैत्रगौरीपुढील शेत

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते. आम्हां इंदूरकरांच्या घरी कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे अजून चुकत नाहीत. आरास मात्र बाजारातून येऊ लागली आहे. गतवर्षी आम्हीही तीच सोय पाहिली. आलेल्या भगिनींनी "छान आहे" म्हटले आणि बोलणे तेथेच संपले.

यंदा आम्ही 'शेत' हा विषय घेतला. आठ दिवस आधी परातीत माती पसरून गहू पेरले व परात सावलीत ठेवली. गौरीपुढे हिरवे शिवार उभे राहिले. पायऱ्यांसाठी रिकाम्या खोक्यांवर जुने जरीचे लुगडे अंथरले. काडेपेट्यांची बैलगाडी झाली, जुन्या बांगड्या तिची चाके झाल्या. कलिंगडाच्या मध्यावर नागमोडी छेद घेतले. सुरीचे टोक गाभ्यापर्यंत पोहोचले की दोन कमळे अलगद सुटतात.

आमची धाकटी कन्या हिंदी माध्यमात शिकते. विहिरीवर चामड्याची इवलीशी पिशवी टांगताना तिने विचारले, "बाबा, हिला काय म्हणायचं?" "मोट," आम्ही सांगितले. मग बांध, खळे, मळणी, गोफण असे शब्द एकामागून एक निघाले. हळदीकुंकवाच्या दिवशी तीच येणाऱ्या प्रत्येक काकूंना हात धरून शेत दाखवीत होती, आणि तेही मराठीतून!

विकतच्या आराशीने वेळ वाचतो, हे खरे. परंतु त्या वाचलेल्या वेळात आपण मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.