धुरात पहार कशाला लागते

सिरसाळ्यात आग लागली की बंब परळीहून येतो, नाहीतर माजलगावहून. तो येईपर्यंत गल्लीनं घागरी, बादल्या, बोअरचं पाणी असं हाताला येईल ते ओतलेलं असतं. मग बंबातून माणसं उतरतात आणि त्यातल्या दोघांच्या हातात पाण्याच्या पाइपाऐवजी लोखंड दिसतं. लोक चिडतात. "अहो दादा, पाणी मारा की आधी! दार काय फोडताय?" एका महानगरपालिकेच्या अग्निशामक दलात नोकरी करून मी निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. हा प्रश्न नोकरीत ऐकला तसा आता पारावरही ऐकतो, म्हणून एकदा नीट सांगतो.

माणसं पुरेशी असली तर पाणी मारणारे वेगळे असतात आणि आत माणूस शोधायला जाणारी जोडी वेगळी. या जोडीनं रिकाम्या हातानं आत जायचं नाही, हे मुंबईतल्या कालिन्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात सगळ्यात आधी डोक्यात भरवतात.

घर धुरानं भरलं की डोळ्यांचं काम संपतं. टॉर्चचा झोत हातभर जातो आणि पांढरा होऊन थांबतो. म्हणून उंबऱ्यावरच ठरवायचं, उजवी भिंत धरायची की डावी. जी धरली ती बाहेर पडेपर्यंत सोडायची नाही. गुडघ्यांवर, रांगत जायचं, कारण खाली धूर जरा विरळ असतो आणि झळही कमी लागते. एकजण भिंतीला लागून सरकतो, दुसरा त्याच्या संपर्कात राहून खोलीच्या मधल्या भागात हत्यार फिरवतो. आंधळ्याच्या काठीसारखंच ते काम. हात पोहोचत नाही तिथं अडीच-तीन फूट पुढचं कळतं, बाजेखालचं कळतं, पुढं जमीन आहे की जिन्याची पोकळी तेही कळतं.

फक्त ते आपटायचं नाही. कुऱ्हाड असेल तर पातं आपल्याकडं आणि दांडा पुढं, जमिनीलगत सावकाश सरकवायचा. पुढं तान्हं मूलही असू शकतं. काय लागलं ते सवयीनं दांड्यातून समजतं. ज्वारीचं पोतं जागचं हलत नाही, गोधडी दांड्याबरोबर ओढली जाते. माणसाचा पाय थोडा सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. शंका आली की हत्यार खाली ठेवून हातानं बघायचं. अंधारात चाचपताना पुढं तळहात करायचा नाही, हाताची पाठ करायची. उघड्या वायरीला तळवा लागला तर झटक्यानं बोटं आवळतात आणि वायर मुठीतच राहते.

सगळ्यात आधी दारामागं बघायचं. पळत सुटलेली माणसं बऱ्याचदा दारापाशीच कोसळतात. दार अर्धवट उघडून अडलं तर खांदा देऊन रेटू नये, फटीतून दांडा घालून मागं काय आहे ते बघावं. लहान मुलं बाजेखाली, कपाटात, अंथरुणांच्या ढिगात लपतात. मोठी माणसं पाण्याकडं धावतात. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवरच्या हॉटेलात आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले बरेचजण स्वच्छतागृहात सापडले. न्हाणीघर पाहिल्याशिवाय घर पाहून झालं असं म्हणता येत नाही.

आता कुलपाचं बोलू. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातली घरंच्या घरं कारखान्यांकडं निघतात. मागं राहतात म्हाताऱ्या आणि शाळेतली नातवंडं. धाकट्याला आत झोपवून, बाहेरून कुलूप लावून आजी किराणा आणायला जाते. शेजारी छातीठोकपणे सांगतात, "आत कोन्ही न्हाई, कुलूप हाय की." त्यांच्या सांगण्यात खोट नसते. तरी आम्ही ते कुलूप तोडतोच.

तोडतो म्हणजे कुलपावर घाव घालत बसत नाही. कुलूप पक्कं असतं; कोयंडा ज्या लाकडात ठोकलाय ते बहुधा कच्चं असतं. पहारीचं चपटं टोक कोयंड्याच्या मुळाशी घालून दाब दिला की खिळे सुटतात. जुन्या वाड्यांच्या दारांना बिजागऱ्या नसतात, फळी खालच्या-वरच्या खोबणीत फिरते. ती खालून पहारीनं उचलून खोबणीतून काढता येते. दुकानाच्या शटरला दोन्ही बाजूंची कुलपं कटरनं कापायची. शटर वर गेलं की खाली विटा किंवा लाकडाचा ठोकळा लावायचा, नाहीतर आत गेलेल्यांच्या मागं ते पुन्हा खाली येतं. आणि या सगळ्याच्या आधी दार एकदा नुसतं ढकलून बघावं. हसू नका, उघडं दार फोडणारे कमी नाहीत.

शहरांत एक परदेशी हत्यार आलंय, हॅलिगन. ते १९४८ साली न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलातल्या ह्यू हॅलिगन यांनी बनवलं. एका टोकाला दुभंगलेला काटा, दुसऱ्या टोकाला चपटं पातं आणि टोकदार चोच. चपट्या पाठीच्या कुऱ्हाडीनं त्यावर ठोकायचं आणि चौकटीतून दार उचकटायचं. फ्लॅटच्या लॅचच्या दाराला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण सिरसाळ्याच्या गल्लीत मला एकच निवडायला सांगितलंत तर मी पहार उचलेन.

योग्य हत्याराचा आणखी एक हिशेब आहे, तो श्वासाचा. पाठीवरच्या सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबानं हवा भरली की ती साधारण १८०० लिटर होते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. हे झालं कागदावर. घण मारताना माणूस दुप्पट हवा सहज ओढतो, म्हणजे वीस-बावीस मिनिटंच उरतात, आणि त्यातच परतीची वाटही धरायची. चुकीच्या जागी घातलेले दहा घाव म्हणजे न पाहिलेली एक खोली.

मला सगळ्यात जास्त धाक माळवदाचा. सागाची तुळई, त्यावर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं ते या मातीमुळं, आणि आगीत घात होतो तोही तिच्यामुळंच. खालून लाकूड जळत असतं, वरचं वजन तेवढंच राहतं. आत शिरण्याआधी पहारीनं कडीपाट ठोकून बघावा. बद्द आवाज आला, माती झरायला लागली, तर तिथून मागं फिरावं. वरचं सवणं मोकळं केलं तर धूर निघून जातो, पण त्यासाठी माळवदावर उभं राहायचं नाही, शिडीवरून हुकानं काम करायचं. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या जुन्या गोकुळ निवासला आग लागली आणि इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथंच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचा पुढं उपचार सुरू असताना मृत्यू झाला. ही चौघंही अनुभवी अधिकारी माणसं होती.

भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेल्या कापसाचं तंत्र वेगळंच. वरून विझलेला दिसतो, आत धुमसत राहतो. तो हुकानं ओढून, उसवून भिजवावा लागतो. त्याचा विषारी धूर खोलीत कोंडतो, म्हणून तोंडाला उपरणं बांधून आत घुसणाऱ्या पोरांना मी हात धरून थांबवतो. उपरण्यानं धुरातला विषारी वायू अडत नाही. बंब येण्याआधी गावानं बाहेरूनच करायचं काम म्हणजे वीज तोडणं, आत कोण कुठं झोपतं ते घरच्यांकडून विचारून ठेवणं, आणि दार उघडलं तर उंबऱ्याच्या हातभर आत पडलेल्याला बाहेर ओढणं.

परवा आमच्या गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "काका, रस्त्यावर घिसाडी उतरलेत, पहार करून घ्यावी का?" म्हटलं, घे. पाच फुटांची, एक टोक चपटं, एक टोकदार. ग्रामपंचायतीत ठेवू म्हणाला. मी म्हटलं, ग्रामपंचायतीला रात्री कुलूप असतं रे. शेवटी मारुतीच्या पारामागं भिंतीला दोन हुक मारून ती टांगायची ठरली. चोरीला जाईल ही काळजी त्याला आहेच. गेली तर दुसरी करू.