मी ‘बनवाबनवी’ पाहतो!

मराठीच्या प्राध्यापकाने काय वाचलेले असावे, याबद्दल लोकांच्या आता फारशा अपेक्षा उरलेल्या नाहीत. पण त्याने काय पाहिलेले असावे, याबद्दल मात्र त्या भलत्याच पक्क्या आहेत. ‘अशी ही बनवाबनवी’ न पाहिलेला मराठी माणूस असू शकतो, हे कुणी मान्यच करीत नाही. तो माणूस मी होतो. आणि गेली वीस वर्षे मी ही गोष्ट लपवून ठेवली होती.

लपवणे तसे अवघड नसते. चहाच्या सुट्टीत कुणी त्यातला संवाद फेकला, की सर्वांच्या मागोमाग अर्ध्या क्षणाने हसायचे. मी त्यात इतका तरबेज झालो होतो, की प्रत्यक्ष सौभाग्यवतींनाही संशय आला नव्हता.

यंदा मात्र बिंग फुटले. वर्गात वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ‘बनवाबनवी’चे संवादही यांचेच ना? त्यातला तुमचा आवडता प्रसंग कोणता?” मी खडू शोधू लागलो. वर्गाला समजायचे ते समजले.

न पाहण्याचे कारण सांगायला संकोच वाटतो. चित्रपट १९८८ सालचा. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे तो टीव्हीवर लागला, की अण्णा बाहेरच्या खोलीत बसून खदखदा हसत, आणि मी एम.ए.चे पुस्तक घेऊन मधले दार लावून घेई. पुरुषांनी साड्या नेसून घातलेला धुडगूस, एवढीच माझी त्याबद्दलची कल्पना. खरे सांगायचे, तर वडिलांच्या त्या हसण्याची मला लाज वाटे.

अखेर एका रविवारी अण्णांच्या शेजारी जाऊन बसलो आणि कबुली दिली, “अण्णा, मी हा सिनेमा पाहिलेला नाही.”

ऐंशी वर्षांच्या अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “माहीत आहे मला. तू नेहमी चुकीच्या जागी हसतोस.”

गोष्ट तुम्हांला पाठच असेल. पुण्यात डोके टेकायला जागा नसलेले चार तरुण. सुधीर जोशींचा घरमालक घराबाहेर काढतो, आणि लीलाबाई काळभोर जागा देतात ती फक्त जोडप्यांना. मग सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना ‘बायका’ व्हावे लागते, आणि अशोक सराफ थापेवर थाप रचून हा डोलारा सावरीत बसतात. मी हसलो, पोट धरधरून हसलो. वगातला तो हजरजबाबी सबनीसी तिरकसपणा इथे पुण्याच्या बिऱ्हाडात नांदत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

घरमालकाच्या प्रसंगाला सहज अण्णांकडे पाहिले. हसता हसता ते डोळे पुसत होते.

“सात बिऱ्हाडं बदलली आम्ही या गावात,” ते म्हणाले. “एका मालकानं भर पावसात सामान अंगणात काढून ठेवलं. तू तेव्हा पोटात होतास. तुझी आई ट्रंकेवर बसून राहिली. आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. याला मात्र दर वेळी हसून घेतो.”

मी काही बोललो नाही. विनोदाच्या पोटी कारुण्य असते, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते इतकी वर्षे मधल्या दारापलीकडे बसून हसत होते; कडी मीच लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला माझा आवडता प्रसंग सांगितला. का आवडला, ते मात्र सांगितले नाही.

आता अण्णा आणि मी पुन्हा एकदा तो पाहणार आहोत. योग्य जागी हसण्याचा सराव व्हायला हवा ना! आणि वाचकहो, ‘शोले’बद्दल मात्र मला तूर्त कुणी काही विचारू नये.